आराखडा कुंपणापाशी संपत नाही

मार्च-एप्रिलमध्ये गोव्यातल्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, उभे राहिले, तर पायाखाली उन्हाने काळा पडलेला जांभा, मधूनमधून पिवळे गवत आणि करवंदीच्या जाळ्या यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. जमिनीच्या दप्तरात अशा जागेपुढे ‘पडीक’ असा शेरा असतो, आणि कारखान्यासाठी जागा पाहायला येणारी मंडळीही नेमकी याच दिवसांत येतात, कारण तेव्हा गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. तीच जागा जुलैत पाहावी. कातळातल्या खळग्यांत पाणी साठलेले असते, बोटभर मातीच्या थरावर सीतेची आसवे निळीजांभळी फुललेली असतात आणि सगळा सडा भिजलेल्या घोंगडीसारखा पाणी धरून बसलेला असतो. ते पाणी जांभ्याच्या भेगांतून सावकाश खाली उतरते आणि पायथ्याच्या वाड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, झर म्हणून बाहेर पडते. ज्या झरीवर कुळागराची, म्हणजे बागायतीची, माड-पोफळी मे महिन्यापर्यंत तग धरते, तिचा उगम वरच्या ‘पडीक’ जमिनीत असतो, हे पायथ्याच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. वेर्ण्याच्या पठाराच्या कडेची केसरवाळची झर तर सगळ्या गोव्याला माहीत आहे.

उद्योगाच्या प्रश्नावर लिहिताना पावसापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की कारखाना आणि कार्यालय मिळून जो परिसर उभा राहतो, त्याचा आराखडा आपल्याकडे जुलैतली जमीन न पाहता, भूखंडाच्या चार खुणांच्या आत, कंपनी आणि तिचे वास्तुविशारद यांच्यातली खासगी बाब म्हणून आखला जातो. माझे म्हणणे असे आहे, की गोव्यात हा आराखडा सार्वजनिक प्रश्न मानला पाहिजे. भूखंड देण्याआधी तो तयार झाला पाहिजे, आणि ज्या गावाच्या डोक्यावर तो परिसर उभा राहणार आहे, त्या गावापुढे तो मांडला गेला पाहिजे.

उद्योग नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. १९६५च्या कायद्याने गोव्यात औद्योगिक विकास महामंडळाचा पाया घातला गेला आणि त्यानंतरच्या दशकांत पेडण्यातल्या तुयेंपासून काणकोणपर्यंत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. वेर्णा ही त्यांतली सर्वांत मोठी. औषधे, वीज उपकरणे, यंत्रभाग, वेष्टनाचे साहित्य अशा कितीतरी वस्तू आज तिथे तयार होतात. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या, तेव्हा डिचोली आणि सत्तरीतल्या घराघरांत एका रात्रीत पगार थांबणे म्हणजे काय, ते आपण सर्वांनी पाहिले. केवळ पर्यटनाच्या हंगामावर एका राज्याची तरुण पिढी उभी राहू शकत नाही. कारखाने हवेत आणि त्यांना जागाही हवी.

पण ती जागा कुठून येणार? गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. पश्चिमेला किनारा आणि त्याचे निर्बंध, नद्यांच्या काठाने बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली खाजन शेती, पूर्वेला सह्याद्रीची राने आणि अभयारण्ये. मधल्या पट्ट्यात जे सडे उरतात, त्यांवरच सगळ्यांची नजर जाते. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या भूतखांब पठाराची गोष्ट विसरता येण्याजोगी नाही. तिथल्या नायलॉन प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि तो प्रकल्प शेवटी तमिळनाडूला गेला. पुढे त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्राची योजना आली, पुन्हा गाव उभा राहिला आणि २००७च्या अखेरीस सरकारला ते धोरणच मागे घ्यावे लागले. या दोन्ही वेळांना ‘गोवेकरांना उद्योग नकोत’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ होते. मला तो निष्कर्ष मान्य नाही. लोकांपुढे सर्वेक्षण क्रमांक आणि क्षेत्रफळ आले होते. पाणी कुठून घेणार, कुठे सोडणार, रस्ता कुठून जाणार, रात्री काय आवाज येणार आणि आपल्या विहिरीचे काय होणार, यांचे उत्तर देणारा नकाशा त्यांच्यापुढे विश्वासाने कुणी अंथरला नव्हता. ज्याला काही दाखवलेच जात नाही, त्याच्या हाती नकार देण्यापलीकडे दुसरे काय उरते?

आता हा आराखडा प्रत्यक्षात कसा होतो ते सांगतो, कारण अशा आराखड्यांवर मी आयुष्याची बरीच वर्षे काम केले आहे. भूखंडाभोवती आधी कुंपणाची भिंत येते. मग रस्त्याच्या बाजूला काचेचा दर्शनी भाग असलेले कार्यालय, कारण येणाऱ्या ग्राहकाला ते दिसायला हवे. त्याच्या मागे पत्र्याची मोठी शेड. कच्चा माल एका टोकाने आत आणि तयार माल दुसऱ्या टोकाने बाहेर, ही मालाची वाट मात्र फार काळजीने आखली जाते. ट्रेलर कुठे वळेल, वजनकाटा कुठे बसेल, माल उतरवायचा धक्का किती उंच असेल, याची मापे इंचाइंचाने तपासली जातात. उरलेल्या कोपऱ्यांत ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, सांडपाणी शुद्धीकरण, भंगाराचा ढीग आणि कॅन्टीन.

अशाच एका कारखान्यात, त्याचे काम पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, मी दुपारी तीन वाजता पाळी बदलताना उभा होतो. सकाळच्या पाळीतल्या शंभरेक मुली मागच्या फाटकाने बाहेर पडत होत्या, कारण पुढचे फाटक गाड्यांसाठी होते. मागच्या फाटकापासून बस थांबायच्या जागेपर्यंत दोन-अडीचशे मीटरची वाट भंगाराच्या ढिगाला वळसा घालून जात होती, आणि रस्त्याच्या एका कडेला आत जाण्याची वाट पाहत ट्रक ओळीने उभे होते. आडवा पाऊस, छत्र्या उलट्या होत होत्या. एका मुलीने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि ट्रकचे चाक व उघडे गटार यांच्यामधल्या हातभर जागेतून ती गेली. त्या आराखड्यात मालाच्या प्रत्येक खोक्याची वाट छपराखालून काढलेली होती. माणसांची वाट कागदावर कुठे आखलेलीच नव्हती. तो आराखडा करणाऱ्यांत मीही होतो आणि ही गोष्ट मला तेव्हापासून सलते आहे.

हे चुकून घडत नाही. कामाचे टिपण देताना कंपनी यंत्रांची यादी देते, विजेचा भार देते, कार्यालयात किती खुर्च्या हव्यात ते सांगते. पेडणे, सावंतवाडी किंवा कारवारच्या बाजूने पहाटे निघून येणाऱ्या माणसाची वाट त्या टिपणात नसते आणि भूखंड देणाऱ्या यंत्रणेच्या अर्जातही तिला रकाना नसतो. १९४८च्या कारखाने कायद्याने अडीचशेपेक्षा अधिक कामगार असतील तर उपाहारगृह आणि तीसपेक्षा अधिक स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर बंधनकारक केले होते. कायद्याने खोली मिळाली, पण ती कुठे असावी हे कायदा कसे सांगणार? बॉयलरच्या शेजारी, पत्र्याखाली, पावसाच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू न येणाऱ्या जागीही नियमाचे पालन होतेच. कार्यालय आणि शेड यांच्यामध्ये एकच अंगण, एकच कॅन्टीन आणि सगळ्यांसाठी एकच छपराखालची वाट ठेवली, तर खर्च थोडका वाढतो. अभियंता आणि यंत्रावर बसणारा माणूस एका टेबलावर जेवले, की दुपारी बिघडणाऱ्या यंत्राची कुणकुण कार्यालयाला सकाळीच लागते, हा माझा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

हे अंगण आपल्याला परके नाही. गोव्यातल्या जुन्या घरांतले राजांगण पाऊस आणि उजेड दोन्ही घराच्या मध्यभागी आणते. पडवी भिंतीला ऊन लागू देत नाही. ख्रिस्ती घराचा बल्कांव रस्त्याकडे तोंड करून बसायला जागा देतो. मूळच्या गोमंतकीय चार्ल्स कोरिया यांनी पणजीच्या कला अकादमीत तर शहराच्या रस्त्यावरून शिरलेला माणूस सावलीतून चालत मांडवीच्या काठापर्यंत पोचेल अशी वाटच काढली. हैदराबादला त्यांनी साठच्या दशकात केलेली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनची कार्यालयेही सावली आणि हवेचाच विचार करून रचलेली आहेत. हवामानाला धरून मोठी इमारत बांधणे हे आपल्याच माणसांनी करून दाखवलेले काम आहे. तरी पश्चिमेकडे तोंड केलेली काचेची भिंत बांधून दुपारी दोनपासून पडदे ओढून, दिवे लावून आणि वातानुकूलन वाढवून बसण्याला आपण आधुनिकता समजतो.

शेडच्या छपराचेच उदाहरण घ्या. करवतीच्या दात्यांसारखे, उत्तरेकडे काच असलेले छप्पर इंग्लंडमध्ये रुजले, कारण तिथे कारखान्याच्या वेळेत सूर्य उत्तरेकडून डोकावत नाही, आणि यंत्रावर सावलीचा थंड, सारखा उजेड पडतो. गोवा मात्र साधारण १५ अक्षांशावर आहे. इथे मेच्या सुरुवातीला सूर्य डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी तो उत्तरेच्या बाजूला असतो. म्हणजे वर्षातल्या सर्वांत घामट आठवड्यांत, पाऊस सुरू होण्याच्या अगदी आधी, त्या उत्तरेच्या काचेतून थेट ऊन आत येते. काचेवर पुरेशी झड, म्हणजे छज्जासारखे पुढे आलेले छप्पर, काढली की प्रश्न सुटतो आणि तीच झड पावसालाही अडवते. पण त्यासाठी आराखडा इथल्या सूर्याकडे पाहून काढलेला हवा. तयार पोलादी सांगाड्याच्या यादीतून निवडलेल्या शेडला ही झड नसते.

पाण्याचा हिशेब तर कुणालाही करता येईल. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टर छप्पर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर वर्षभरात ३०,००० घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी पडते. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली, तर त्याच छपरावरून त्या एका तासात पाच लाख लिटर पाणी उतरते. पूर्वी हे पाणी सडा आपल्या अंगावर घेत असे. आता ते पन्हळीतून डांबरी अंगणात, अंगणातून गटारात आणि गटारातून एकदम खालच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाते. खालच्या शेतात त्या तासात बांध फुटतो आणि त्याच शेताची झर फेब्रुवारीतच आटते. वरच्या कारखान्याने कोणताही नियम मोडलेला नसतो, आणि खालच्या शेतकऱ्याचे नुकसान मात्र दोन्ही ऋतूंत होते.

यावर ‘पाणी जमिनीत मुरवा’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. जांभा सच्छिद्र आहे, त्यात भेगा आहेत. स्वच्छ पाणी ज्या वाटेने खाली जाते, त्याच वाटेने तेल आणि रसायनही जाते आणि गावाच्या विहिरीत उतरते. म्हणून छपरावरचे स्वच्छ पाणी वेगळे धरायचे, तळ्यात साठवायचे आणि मुरवायचे. ट्रक उभे राहतात त्या अंगणातले पाणी वेगळ्या नाल्याने आधी तेल वेगळे करणाऱ्या टाकीत न्यायचे. आणि कारखान्याच्या प्रक्रियेतले पाणी या दोघांनाही कुठेही भेटू द्यायचे नाही. शुद्धीकरणाची टाकी भूखंडाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत आहे, कारण तिथवर पाणी आपोआप उतरते. पण तो कोपरा बहुधा व्हाळाला सर्वांत जवळचा असतो, आणि उघडी टाकी जुलैत पावसाने भरून वाहू लागते. तिच्यावर छप्पर हवे आणि व्हाळापासून अंतर हवे. काही प्रक्रिया सड्याच्या माथ्यावर असूच नयेत, हेही नकाशा पाहिल्यावरच ठरवता येते.

वाऱ्याचेही असेच आहे. ‘धुराडे वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा’ हे पुस्तकातले वाक्य गोव्याच्या किनारपट्टीत अर्धेच खरे ठरते, कारण कोरड्या महिन्यांत दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारी ज्या वाड्याला काही जाणवत नाही, त्याला रात्री वास येतो. इथे खालचे अंग दिवसातून दोनदा बदलते. तेव्हा वस्तीपासूनचे अंतर आणि मधल्या झाडीचा पट्टा यांना पर्याय नाही. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्याला आग लागली, काळा धूर परिसरावर पसरला आणि जवळपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. आग कशाने लागली हा एक प्रश्न झाला. ज्वालाग्राही माल साठवणारी इमारत आणि लोकांची घरे यांच्यामध्ये किती जागा असावी, बंब चहूबाजूंनी फिरेल असा रस्ता कुठून जावा आणि विझवायचे पाणी कुठे साठवावे, हे प्रश्न आगीच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि ते पहिल्या रेषेबरोबर सोडवायचे असतात. पावसाचे तीन कोटी लिटर पाणी वाहून जाऊ देणाऱ्या वसाहतीत आगीसाठी टँकरने पाणी आणावे लागू नये.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. गुंतवणूकदाराला घाई असते. शेजारच्या राज्यांत सपाट जमीन स्वस्त आहे. अंगणे, तळी आणि झाडीचे पट्टे यांत जागा गेली तर गोव्यासारख्या लहान राज्यात कारखान्याला उरणार काय? पण जागा खरोखर कुठे जाते ते पाहावे. एकमजली शेड, तिच्याभोवती डांबर, आणि प्रत्येक भूखंडावर स्वतंत्र कॅन्टीन, स्वतंत्र जनित्र, स्वतंत्र ट्रकतळ, स्वतंत्र शुद्धीकरण, यांत ती जाते. ओतकाम, जड प्रेस किंवा टायर यांचे कारखाने जमिनीवरच उभे राहतील, त्यांना मजले चढवता येणार नाहीत. इलेक्ट्रॉनिक जुळणी, वैद्यकीय उपकरणे, औषधांचे पॅकिंग ही कामे मात्र दोन-तीन मजल्यांत उत्तम चालतात. मालाची उद्वाहने आणि मजल्यांची वजन पेलण्याची ताकद आधी ठरवली म्हणजे झाले. औषधनिर्मितीत खोल्या बंद आणि हवा गाळलेली लागते, तिथे खिडक्या उघडा असे मी म्हणणार नाही. त्या खोल्यांबाहेरच्या वाटेला, जेवणाच्या जागेला आणि कार्यालयाला मात्र उजेड आणि वारा मिळू शकतो. दहा भूखंडांनी मिळून एक ट्रकतळ, एक पाळणाघर, एक शुद्धीकरण केंद्र आणि आगीसाठी एक तळे ठेवले, तर वाचलेल्या जागेतच झाडी आणि पाणी दोन्ही बसतात. हे काम एकेकट्या कंपनीच्या आवाक्यातले नाही. ते वसाहत आखणाऱ्या महामंडळाचे आहे.

बाहेरून आलेला कामगार झोपतो कुठे, हा प्रश्नही त्याच आराखड्यातला आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या उजाड माळावर कारखाना नेला, तेव्हा कारखान्याबरोबर घरे आणि शाळाही उभ्या राहिल्या. आजच्या कंपनीने गाव वसवावा असे मी म्हणत नाही. पण पाचशे माणसे येणार असतील, तर ती कोणत्या वाड्यावर भाड्याने राहतील, त्या वाड्याचे पाणी आणि संडास त्यांना पुरतील का, याचा एक आकडा तरी नकाशाच्या कोपऱ्यात असावा.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. भूखंड देण्याचा निर्णय होण्याआधी कंपनीकडून आणि महामंडळाकडून त्या जागेचा एकच नकाशा मागावा. जागेची पाहणी एकदा एप्रिलमध्ये आणि एकदा जुलैत झालेली असावी, आणि झरी, व्हाळ, विहिरी, पायवाटा, देवस्थानाकडे जाणारी वाट हे सगळे त्यावर कुंपणाच्या बाहेरही किमान पायथ्याच्या वाड्यापर्यंत दाखवलेले असावे. माणसांची वाट बसथांब्यापासून यंत्रापर्यंत आखलेली असावी. तो नकाशा इंग्रजी अहवालाच्या शेवटच्या पानावर न ठेवता, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीसह ग्रामसभेत ठेवावा आणि मराठी-कोंकणीत समजावून सांगावा. ग्रामसभेत बसणाऱ्या माणसाला पाणी कुठे वाहते हे कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते; त्याने दाखवलेली चूक दुरुस्त करणे कागदावर जितके सोपे आहे, तितके काँक्रीट ओतल्यावर कधीच नसते. जे मान्य झाले, ते भाडेपट्ट्याच्या अटींत उतरवावे, म्हणजे मालक बदलला तरी झाडीचा पट्टा आणि तळे बदलणार नाही. सभेने नकार दिला तर तोही विचारात घ्यावा लागेल, आणि काही सड्यांच्या बाबतीत तोच योग्य निर्णय असेल.

नव्या जागांची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. जुन्या वसाहतींतल्या कितीतरी शेड आता पत्रे बदलण्याच्या, वाढवण्याच्या किंवा दुसऱ्या हाती जाण्याच्या टप्प्यावर आहेत आणि त्या प्रत्येक वेळी महामंडळाची परवानगी लागते. त्या परवानगीबरोबर छपराचे पाणी वेगळे धरण्याची आणि फाटकापासून बसथांब्यापर्यंत छपराची वाट बांधण्याची अट घालता येईल. दोनशे मीटरची पत्र्याची पडवी, खाली चिऱ्याची फरशी, बाजूला झाकलेले गटार. एवढे काम एका उन्हाळ्यात, पावसाआधी पुरे होते.